विष्णुपंत गोविंद दामले

विष्णुपंत गोविंद दामले (१४ ऑक्टोबर १८९२ – ५ जुलै १९४५) हे मराठी चित्रपटसृष्टीतील ध्वनिमुद्रक, तंत्रज्ञ, दिग्दर्शक आणि निर्माते होते. चित्रपट व्यवसायात ते दामलेमामा या नावाने ओळखले जात. कोल्हापूर येथे स्थापन झालेल्या व पुढे पुण्यात स्थलांतरित झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापक भागीदारांपैकी ते एक होते. प्रभातचा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) याचे ध्वनिमुद्रण त्यांनी केले. एस. फत्तेलाल यांच्यासमवेत त्यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ (१९३६) हा चित्रपट भारतीय चित्रपटसृष्टीतील श्रेष्ठ कृतींमध्ये गणला जातो.

दामले यांच्या कारकिर्दीत चित्रपटाने मूकपटापासून बोलपटापर्यंतची वाटचाल केली. ध्वनिमुद्रणाचे शिक्षण देणारी संस्था त्या काळी महाराष्ट्रात नव्हती. रंगकाम, यंत्रकाम आणि छायाचित्रण या कामांतून आलेल्या हस्तकौशल्याच्या बळावर त्यांनी हे नवे तंत्र आत्मसात केले. मराठी बोलपटातील संवाद आणि गीत प्रेक्षकांपर्यंत सुस्पष्टपणे पोहोचण्यामागे त्यांच्या या परिश्रमांचा मोठा वाटा आहे.

प्रारंभीचे जीवन

दामले यांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातील पेण या गावी झाला. गणेशमूर्ती घडविण्याच्या कलेसाठी पेण प्रसिद्ध आहे. तरुणपणी ते कोल्हापुरात आले आणि आनंदराव व बाबूराव पेंटर यांच्या सहवासात आले. हे दोघे चुलतबंधू नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवीत असत. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापूर हे गायन, नाटक, चित्रकला आणि मल्लविद्या यांचे केंद्र बनले होते. संगीत नाटकांची भरभराट असल्यामुळे राजवाडे, अरण्ये, नगरमार्ग इत्यादी देखावे दाखविणाऱ्या पडद्यांना मोठी मागणी होती.

पेंटर बंधूंच्या कार्यशाळेतच दामले यांची फत्तेलाल यांच्याशी मैत्री जडली. फत्तेलाल हे साहेबमामा या नावाने ओळखले जात. एकाचा कल यंत्राकडे, तर दुसऱ्याचा चित्रकलेकडे होता. धर्माने भिन्न असलेल्या या दोन कारागिरांचे सहकार्य पुढे सुमारे तीन दशके टिकले. चित्रपटसृष्टीत त्यांची नावे दामले-फत्तेलाल अशी जोडीनेच घेतली जातात.

महाराष्ट्र फिल्म कंपनी

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या मूकपटानंतर आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी स्वतः चित्रपट काढण्याचा ध्यास घेतला. कॅमेरा विकत घेण्याऐवजी तो स्वतःच बनविण्याचा त्यांचा मनोदय होता. १९१६ मध्ये आनंदराव यांचे निधन झाले आणि हे काम अर्धवट राहिले. त्यानंतर बाबूरावांनी ते पुन्हा हाती घेतले. या कामात दामले हे त्यांचे प्रमुख साहाय्यक होते. १९१८ मध्ये चालता कॅमेरा तयार झाला.

चित्रपटाच्या कॅमेऱ्यात फिल्म एका चौकटीएवढी पुढे सरकते, क्षणभर थांबते, तेवढ्यात झडप उघडून तिच्यावर प्रकाश पडतो आणि फिल्म पुन्हा पुढे सरकते. ही क्रिया दर सेकंदाला अनेक वेळा, एकसारख्या अंतराने घडावी लागते. दातेरी चाकांत किंचितही दोष असल्यास पडद्यावरील चित्र थरथरते. असे यंत्र स्थानिक साधनांनी जुळवताना दामले यांना जी सूक्ष्मता अंगी बाणवावी लागली, ती पुढे ध्वनियंत्रे हाताळताना उपयोगी पडली.

तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक साहाय्याने उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके वास्तव वाटले की त्यावर कात्री लावण्यात आली. पुढील काळात कंपनीने ‘सिंहगड’ (१९२३), ‘सावकारी पाश’ (१९२५) असे महत्त्वाचे मूकपट निर्माण केले. या वर्षांत दामले यांनी चित्रपटनिर्मितीची तांत्रिक अंगे प्रत्यक्ष कामातून शिकून घेतली. १९२८ मध्ये त्यांनी व फत्तेलाल यांनी ‘कर्ण’ या मूकपटाचे संयुक्त दिग्दर्शन केले. याच कंपनीत व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर हे त्यांचे सहकारी होते.

प्रभात फिल्म कंपनीची स्थापना

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार होते. कुलकर्णी हे कोल्हापुरातील सराफ असून भांडवलाची बाजू त्यांनी सांभाळली. उरलेले चौघेही महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले होते. शांताराम यांच्याकडे दिग्दर्शन, फत्तेलाल यांच्याकडे कलादिग्दर्शन, धायबर यांच्याकडे छायाचित्रण आणि दामले यांच्याकडे तांत्रिक बाजू अशी कामाची वाटणी होती. तुतारी फुंकणारी स्त्री हे प्रभातचे बोधचिन्ह मराठी प्रेक्षकांच्या पिढ्यान्‌पिढ्या स्मरणात राहिले आहे.

‘गोपालकृष्ण’ (१९२९) हा प्रभातचा पहिला मूकपट होय. त्यानंतर ‘खूनी खंजर’, ‘राणीसाहेबा’, ‘उदयकाल’, ‘चंद्रसेना’ इत्यादी मूकपट निघाले. शिवचरित्रावरील ‘उदयकाल’चे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’ असे होते. ब्रिटिश सरकारच्या आक्षेपामुळे ते बदलावे लागले. संस्थेचा जम बसत असतानाच चित्रपटाला वाणी लाभली आणि सर्वच मूकपट कंपन्यांसमोर अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला.

बोलपटाचे आव्हान

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात आर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. बोलपट हे चार दिवसांचे नवल ठरेल, असे त्या काळी जगभरातील अनेक चित्रपट व्यावसायिकांना वाटत होते. मूकपटाला भाषेची अडचण नव्हती. बोलपटामुळे मात्र प्रेक्षकवर्ग भाषावार विभागला जाणार होता. शिवाय ध्वनिमुद्रणाची यंत्रे परदेशातून आणावी लागत व त्यांची किंमत मोठी होती. तथापि ‘आलम आरा’ला मिळालेल्या प्रतिसादानंतर मूकपटांची मागणी झपाट्याने घटली. बोलपटाकडे वळणे किंवा व्यवसाय बंद करणे, एवढेच पर्याय उरले.

प्रभातने बोलपटाचा मार्ग स्वीकारला आणि ध्वनीची जबाबदारी दामले यांच्यावर आली. त्या वेळी त्यांचे वय चाळिशीच्या घरात होते. विद्युत्‌शास्त्राचे महाविद्यालयीन शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. परदेशी बनावटीचे यंत्र हाताळून, त्याची रचना समजून घेऊन आणि प्रत्यक्ष चाचण्या करून त्यांनी हे काम साध्य केले.

बोलपटामुळे चित्रीकरणाची पद्धतच बदलली. मूकपटाच्या काळात दिग्दर्शक चित्रीकरण चालू असताना मोठ्याने सूचना देत असे आणि कॅमेऱ्याच्या खडखडाटाकडे कोणी लक्ष देत नसे. आता हा प्रत्येक आवाज मायक्रोफोनमध्ये शिरू लागला. कॅमेऱ्याचा आवाज कोंडून ठेवण्यासाठी त्याला आवरण घालावे लागले. कार्बन आर्क दिव्यांची सळसळ ध्वनिमुद्रणात उतरत असल्याने प्रकाशयोजनेचा पुनर्विचार करावा लागला. नटांना मायक्रोफोनपासून ठरावीक अंतरावर राहून बोलावे लागे. संगीत नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविण्याची सवय झालेल्या गायकनटांना हे बंधन विशेष जाचक होते, कारण त्यांच्या वरच्या पट्टीतील ताना यंत्राची मर्यादा ओलांडीत. पार्श्वगायनाची पद्धत रूढ झालेली नसल्याने गाणी अभिनय करतानाच गावी लागत. साजिंदे कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर, परंतु मायक्रोफोनच्या कक्षेत बसत. गाणारा आणि वाद्ये यांच्या आवाजांचा समतोल साधणे हे ध्वनिमुद्रकाचे काम होते.

अयोध्येचा राजा

‘अयोध्येचा राजा’ हा प्रभातचा पहिला बोलपट ६ फेब्रुवारी १९३२ रोजी प्रदर्शित झाला. मराठी व हिंदी अशा दोन भाषांत तो स्वतंत्रपणे चित्रित करण्यात आला. एका भाषेतील प्रसंग पूर्ण झाल्यावर तोच प्रसंग दुसऱ्या भाषेत पुन्हा उभा केला जाई. त्यामुळे ध्वनिमुद्रणाचे श्रमही दुप्पट झाले. दिग्दर्शन शांताराम यांचे, छायाचित्रण धायबर यांचे, कलादिग्दर्शन फत्तेलाल यांचे आणि ध्वनिमुद्रण दामले यांचे होते. हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत दिग्दर्शन या दोन्ही बाजू गोविंदराव टेंबे यांनी सांभाळल्या. तारामतीची भूमिका दुर्गा खोटे यांनी केली. बाबूराव पेंढारकर आणि मास्टर विनायक यांच्याही त्यात भूमिका होत्या.

फाळके यांनी मूकपटाचा प्रारंभ ज्या हरिश्चंद्राच्या कथेने केला, तीच कथा प्रभातने पहिल्या बोलपटासाठी निवडली. कथा प्रेक्षकांना परिचित असल्यामुळे त्यांचे लक्ष संवाद व गाण्यांकडे लागणे स्वाभाविक होते. चित्रपटाला उत्तम यश लाभले. ‘आलम आरा’ची प्रत आज उपलब्ध नाही. ‘अयोध्येचा राजा’ मात्र टिकून राहिला असून उपलब्ध भारतीय बोलपटांमध्ये तो सर्वांत जुन्यांपैकी एक आहे. १९३२ च्या सुमारास मराठी उच्चार, गायनाची धाटणी आणि संवादफेक कशी होती, याचा तो श्राव्य पुरावा ठरतो.

त्यानंतर प्रभातने ‘अग्निकंकण’, ‘माया मच्छिंद्र’, ‘सिंहगड’ हे बोलपट काढले. १९३३ मधील ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा प्रयत्न झाला व त्याच्या प्रती जर्मनीत तयार करून घेण्यात आल्या. हा प्रयोग अपेक्षेप्रमाणे यशस्वी झाला नाही.

ध्वनीची साखळी

दामले यांच्या कार्याचे स्वरूप समजण्यासाठी त्या काळातील ध्वनिमुद्रणाची प्रक्रिया जाणून घेणे आवश्यक आहे. नटाच्या आवाजाने हवेत निर्माण होणारी कंपने मायक्रोफोनच्या पडद्यावर आदळतात आणि त्यांचे अत्यंत क्षीण विद्युत्‌प्रवाहात रूपांतर होते. निर्वात नळ्यांच्या ॲम्प्लिफायरने हा प्रवाह वाढविला जाई. वाढलेल्या प्रवाहाच्या चढउतारानुसार प्रकाशाचा एक बारीक झोत कमीअधिक होई आणि तो फिल्मच्या कडेला असलेल्या अरुंद पट्टीवर पडे. फिल्म रसायनात धुतल्यावर या पट्टीवर आवाजाची प्रतिमा उमटे. काही पद्धतींत ती कमीअधिक काळेपणाच्या आडव्या रेघांच्या रूपात, तर काहींत रुंद-अरुंद होणाऱ्या आकृतीच्या रूपात असे.

चित्रपटगृहात ही प्रक्रिया उलट क्रमाने घडे. प्रक्षेपकातील छोट्या दिव्याचा प्रकाश ध्वनिपट्टीतून जाऊन प्रकाशविद्युत घटावर पडे. त्यातून निघणारा प्रवाह इतका क्षीण असे की त्याने कर्णा हलणे शक्य नव्हते. म्हणून तो ॲम्प्लिफायरकडे पाठवून त्याची शक्ती वाढविली जाई आणि मग पडद्यामागील कर्ण्यातून आवाज उमटे. ध्वनी साठविणे, त्याचे विद्युत्‌प्रवाहात रूपांतर करणे, त्या प्रवाहाची शक्ती वाढविणे आणि अखेरीस त्यापासून हवेत कंपने निर्माण करणे, अशी ही चार कड्यांची साखळी होती.

या साखळीत वेगाला विशेष महत्त्व होते. बोलपटाची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या स्थिर वेगाने, म्हणजे मिनिटाला ९० फूट, चालविली जाते. हा वेग किंचित जरी कमीजास्त झाला तरी गायकाचा स्वर डळमळतो. चित्र दिसण्यासाठी फिल्म प्रत्येक चौकटीला थांबावी लागते, तर ध्वनी ऐकू येण्यासाठी ती अखंड सरकावी लागते. त्यामुळे दोन्ही क्रिया एकाच जागी होऊ शकत नाहीत. म्हणून ३५ मिलिमीटरच्या प्रतीवर ध्वनी संबंधित चित्राच्या सुमारे २० चौकटी पुढे छापला जातो. हे अंतर चुकल्यास ओठांची हालचाल आणि शब्द यांचा मेळ बसत नाही.

रसायनगृहातील कामाचाही ध्वनीवर परिणाम होई. फिल्म ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक धुतली गेली किंवा रसायनाचे तापमान बदलले, तर ध्वनिपट्टीचा काळेपणा बदले आणि आवाज विकृत होई. ध्वनिपट्टीवरील ओरखडे व धूळ यांचा खरखराट ऐकू येई. साखळीतील कोणतीही एक कडी सदोष राहिल्यास पुढील कड्या कितीही चांगल्या असल्या तरी तो दोष दूर होत नसे. ॲम्प्लिफायर आवाजाबरोबर दोषही मोठा करी. त्यामुळे ध्वनिमुद्रकाला मायक्रोफोनपासून रसायनगृहापर्यंत सर्वत्र लक्ष ठेवावे लागे. चित्रपटाची विविध तांत्रिक अंगे स्वतः हाताळलेल्या दामले यांच्याकडे ही सर्वांगीण दृष्टी होती.

पुण्यातील प्रभात

१९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली. शहराबाहेर प्रशस्त जागेवर चित्रीकरणगृहे, रसायनगृह आणि ध्वनिविभाग उभारण्यात आले. या परिसरातील एक प्रमुख रस्ता आजही प्रभात रस्ता या नावाने ओळखला जातो. बोलपटासाठी बंदिस्त व शांत चित्रीकरणगृह अत्यावश्यक होते आणि पुण्यातील वास्तूत ती सोय झाली. ‘अमृतमंथन’ (१९३४) हा पुण्यात तयार झालेला प्रभातचा पहिला चित्रपट होय. त्यानंतर ‘चंद्रसेना’, ‘धर्मात्मा’, ‘अमरज्योती’ हे चित्रपट आले.

१९३५ च्या सुमारास कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने गाणे आधी मुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी ते वाजविण्याची पद्धत वापरात आणली. हळूहळू ती देशभर रूढ झाली. तिच्यामुळे नटाच्या हालचालींवरील मायक्रोफोनचे बंधन सैल झाले आणि गाण्याच्या ध्वनिमुद्रणाकडे स्वतंत्रपणे लक्ष देणे शक्य झाले. तोवर प्रभातच्या ध्वनिविभागात दामले यांच्या हाताखाली तयार झालेली मंडळी काम सांभाळू लागली होती. शांताराम यांच्या ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटात पार्श्वसंगीत टाळून केवळ प्रसंगातील नैसर्गिक ध्वनींचा वापर करण्यात आला. असा प्रयोग करण्यासाठी संस्थेचा ध्वनिविभाग भक्कम असणे आवश्यक होते.

संत तुकाराम

१९३६ मध्ये दामले व फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ या चित्रपटाचे दिग्दर्शन केले. शिवराम वाशीकर यांनी त्याची पटकथा लिहिली. संगीत केशवराव भोळे यांचे, तर गीते शांताराम आठवले यांची होती. तुकारामांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनी आणि जिजाईची भूमिका गौरी यांनी केली. सालोमालो ही प्रतिस्पर्धी कीर्तनकाराची भूमिका भागवत यांनी वठविली.

पागनीस यांनी पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या होत्या. त्यांचा मृदू व भावपूर्ण आवाज या भूमिकेचा आधार ठरला. चित्रपटातील अभंग मैफलीच्या थाटात येत नाहीत. चालताना, काम करताना, देवळात आणि घरात ते सहजगत्या उमटतात. गाणे आणि बोलणे यांच्या सीमारेषा पुसट ठेवल्यामुळे तुकारामांचे गाणे हे त्यांच्या जगण्याचाच भाग वाटते. दुसरीकडे, पोराबाळांच्या भुकेने त्रासलेल्या जिजाईचे रोखठोक बोलणे संसाराची बाजू मांडते. भक्ती आणि प्रपंच यांतील ताण या दोन आवाजांतून प्रकट होतो. शब्द न्‌ शब्द ऐकू आल्याखेरीज हा परिणाम साधला नसता. दिग्दर्शक स्वतः ध्वनिमुद्रक असल्याचा लाभ या चित्रपटाला झाला, असे म्हणता येते.

चित्रपटासाठी आठवले यांनी तुकारामांच्या शैलीत रचलेला एक अभंग इतका अस्सल वाटला की अनेकांनी तो तुकारामांचाच समजून गाथेत शोधला. कळाकुसरीच्या बाबतीतही हा चित्रपट उल्लेखनीय आहे. अखेरचा वैकुंठगमनाचा प्रसंग त्या काळातील उपलब्ध साधनांनी साकारण्यात आला.

‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात सलग ५७ आठवडे चालला. १९३७ च्या व्हेनिस आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याचा विशेष गौरव झाला. मराठी न जाणणाऱ्या परदेशी परीक्षकांनाही त्यातील साधेपणा भावला.

नंतरचे चित्रपट

१९३८ मध्ये दामले-फत्तेलाल यांनी प्रभातच्या पहिल्या मूकपटाचा विषय घेऊन ‘गोपालकृष्ण’ हा बोलपट दिग्दर्शित केला. त्यात राम मराठे यांनी कृष्णाची आणि शांता आपटे यांनी राधेची भूमिका केली. राम मराठे पुढे शास्त्रीय गायक व संगीत रंगभूमीवरील नट म्हणून नावारूपाला आले.

१९४० मध्ये ‘संत ज्ञानेश्वर’ प्रदर्शित झाला. ज्ञानेश्वरांची भूमिका शाहू मोडक यांनी केली. समाजाने वाळीत टाकलेल्या भावंडांची कथा त्यात करुणेने मांडली आहे. पैठणचा रेड्यामुखी वेदोच्चाराचा आणि भिंत चालविण्याचा असे दोन चमत्कारप्रसंग तांत्रिकदृष्ट्या अवघड होते. त्यांपैकी पहिल्यात ध्वनी व चित्र यांचा अचूक मेळ हाच चमत्काराचा प्राण होता. १९४१ मध्ये राजा नेने यांच्यासह दामले-फत्तेलाल यांनी ‘संत सखू’चे दिग्दर्शन केले. त्यात हंसा वाडकर यांनी सखूची भूमिका केली.

हे संतपट केवळ शहरांपुरते मर्यादित राहिले नाहीत. फिरत्या तंबू चित्रपटगृहांनी असे चित्रपट खेडोपाडीच्या जत्रायात्रांत नेले. अक्षरओळख नसलेल्या प्रेक्षकांना मूकपटातील मजकुराच्या पाट्या कोणीतरी वाचून दाखवाव्या लागत. बोलपटाने ही अडचण दूर केली. कीर्तनातून परंपरेने ऐकलेले संतचरित्र त्यांना आता पडद्यावर पाहता व ऐकता आले.

अखेरची वर्षे

प्रभातचे भागीदार एकेक करून दुरावत गेले. केशवराव धायबर यांनी आधीच संस्था सोडली होती. १९४२ मध्ये व्ही. शांताराम यांनी बाहेर पडून मुंबईत राजकमल कलामंदिर ही स्वतःची संस्था काढली. दुसऱ्या महायुद्धामुळे कच्च्या फिल्मची टंचाई निर्माण झाली होती. या परिस्थितीतही प्रभातने ‘रामशास्त्री’ (१९४४) हा पेशवाईतील न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांच्या जीवनावरील गाजलेला चित्रपट काढला.

५ जुलै १९४५ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी दामले यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात प्रभातची घडी पूर्ववत बसली नाही आणि पन्नासच्या दशकाच्या प्रारंभी संस्थेचे काम थांबले. फत्तेलाल यांचे १९६४ मध्ये निधन झाले.

वारसा

प्रभातच्या पुण्यातील वास्तूत भारत सरकारने १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटची स्थापना केली. आज ती भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था म्हणून ओळखली जाते. दामले यांना जे शिक्षण कोठेही मिळू शकले नाही, त्या ध्वनिमुद्रणाचा पद्धतशीर अभ्यासक्रम त्याच आवारात शिकविला जातो. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले.

प्रभातच्या काळातील फिल्म नायट्रेटची असे. ती अत्यंत ज्वालाग्राही असून कालांतराने आपोआप कुजते. २००३ मध्ये पुण्यातील नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत अनेक जुन्या चित्रपटांच्या प्रती नष्ट झाल्या. त्यामुळे जुन्या ध्वनिपट्ट्यांचे अंकीय स्वरूपात जतन करण्याला महत्त्व प्राप्त झाले आहे.

आजचा श्रोता हे चित्रपट बहुधा संगणकावर पाहतो व ऐकतो. तेथेही ध्वनीची साखळी मूलतः तीच आहे. संगणकात आवाज आकड्यांच्या रूपात साठविलेला असतो. सीडीच्या प्रमाणानुसार सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे मोजमाप घेतले जाते व प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिले जाते. हे आकडे ‘डिजिटल-टू-ॲनलॉग कन्व्हर्टर’ म्हणजेच डॅक या उपकरणाकडे जातात आणि तेथे त्यांचे विद्युत्‌प्रवाहात रूपांतर होते. चित्रपटगृहात प्रकाशविद्युत घट जे काम करीत असे, ते येथे डॅक करतो. डॅकमधून निघणारा संकेत स्पीकर हलविण्यास पुरेसा नसल्याने तो ॲम्प्लिफायरला जोडावा लागतो.

साध्या संगणकात ही दोन्ही कामे आतल्या मंडलातच होतात. मात्र तेथे इतर भागांचा विद्युत गोंगाट आवाजात मिसळण्याचा संभव असतो. म्हणून चोखंदळ श्रोते डॅक संगणकाबाहेर ठेवतात, तो यूएसबी तारेने जोडतात आणि त्याचा निर्गम स्वतंत्र ॲम्प्लिफायरला देतात. चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्याचा आवाज मायक्रोफोनपासून दूर ठेवण्यामागेही हेच तत्त्व होते. ध्वनीचा संकेत क्षीण असताना त्याला बाहेरच्या गोंगाटापासून जपावे लागते, कारण एकदा मिसळलेला गोंगाट पुढे आवाजाबरोबरच वाढत जातो.

तथापि उत्तम डॅक आणि ॲम्प्लिफायर वापरले तरी मूळ ध्वनिपट्टीत जे नाही ते त्यांना निर्माण करता येत नाही. १९३० च्या दशकातील ध्वनिपट्टीची स्वरमर्यादा आजच्या मानाने तोकडी होती. अतिसूक्ष्म तीव्र स्वर तिच्यात उतरत नसत आणि पार्श्वभूमीला खरखर राही. असे असूनही ‘अयोध्येचा राजा’तील संवाद आणि ‘संत तुकाराम’मधील अभंग आज समजतात, याचे कारण साखळीच्या पहिल्या कडीपाशी घेतलेली काळजी हे आहे. मायक्रोफोन कोठे ठेवावा, नटाने किती जोरात बोलावे, वाद्ये किती दूर असावीत आणि फिल्म किती वेळ धुवावी, हे निर्णय नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी घेतले गेले आणि त्यांचे फळ आजच्या स्पीकरमधूनही ऐकू येते.

दिग्दर्शित चित्रपट

कर्ण (१९२८, मूकपट) – फत्तेलाल यांच्यासह
संत तुकाराम (१९३६) – फत्तेलाल यांच्यासह
गोपालकृष्ण (१९३८) – फत्तेलाल यांच्यासह
संत ज्ञानेश्वर (१९४०) – फत्तेलाल यांच्यासह
संत सखू (१९४१) – फत्तेलाल व राजा नेने यांच्यासह